ब्रेन हॅमरेजनंतर पुन्हा कामावर रुजू होताना

ब्रेन हॅमरेज झालं, जीव वाचला, घरी आलात, हळूहळू चालू-बोलू लागलात. आता भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतोय, "मग, कामावर कधी?" हा लेख त्या प्रश्नापाशी येऊन थांबलेल्यांसाठी आहे. ज्यांना हॅमरेज झालं त्यांच्यासाठी, आणि घरात जे कोणी गोळ्यांच्या वेळा आणि फायली सांभाळतंय त्यांच्यासाठीही.

मी एका अनुदानित कॉलेजच्या कार्यालयात हिशेबाच्या टेबलावर काम करते. बीपी वाढल्यामुळे माझ्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. हात-पाय लवकर सावरले, त्यामुळे बघणाऱ्याला मी बरी झालेली दिसत होते. पण ५,३४० हा आकडा पावतीवरून रजिस्टरात उतरवताना ५,४३० होत होता, आणि टेबलाभोवती तीन माणसं एकदम बोलू लागली की समोरचा कागद वाचूनही कळत नव्हता. म्हणून सुरुवातीलाच सांगते: कामावर जायची तारीख हाता-पायांच्या ताकदीवरून ठरवू नका. डोकं सलग किती वेळ लक्ष देऊ शकतं, त्यावरून ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: आपल्याला नेमकं काय झालं ते विचारून घ्या

"हॅमरेज" या एका शब्दाखाली बरेच प्रकार येतात. मेंदूच्या आतली बारीक रक्तवाहिनी फुटते, त्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे वाढलेलं बीपी. रक्तवाहिनीला आलेला फुगा फुटून मेंदूभोवतीच्या पोकळीत रक्त पसरतं, तो वेगळा प्रकार. त्यात तो फुगा बंद करायला बहुतेकदा क्लिप किंवा कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) बसवलेली असते. डोक्याला मार लागून कवटीखाली रक्त साठतं, तो आणखी वेगळा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे झालेला रक्तस्राव असेल तर त्या गोळ्या पुढे घ्यायच्या की नाही, हा मोठा निर्णय असतो आणि तो डॉक्टरांनीच घ्यायचा.

फेरतपासणीला जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि सोबत कोणीतरी असू द्या, कारण ऐकलेलं सगळं लक्षात राहत नाही. रक्तस्राव कुठल्या बाजूला, कुठल्या भागात झाला? कशामुळे? पुन्हा होण्याचा धोका कशाने वाढतो? आकडी येण्याची शक्यता आहे का? नजरेची तपासणी झाली आहे का? हा शेवटचा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. काही जणांची दोन्ही डोळ्यांतली एका बाजूची नजर जाते आणि त्यांना स्वतःला ते कळत नाही. एक्सेलच्या डाव्या बाजूचे रकाने सुटतात, दाराच्या चौकटीला खांदा लागतो, आणि घरचे म्हणतात, "लक्ष कुठे असतं तुझं?"

सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचं हाड काढून ठेवलं असेल, तर ते परत बसवेपर्यंत गर्दीच्या लोकलचा किंवा एसटीचा प्रवास आणि साइटवरचं काम नको. हे डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसलं तरी आपणहून विचारा.

पायरी २: थकव्याची वही

हॅमरेजनंतरचा थकवा हा कष्टाचा थकवा नसतो. बसल्या जागी, नुसता फोनवर हिशेब समजून घेतला तरी डोकं जड होतं, शब्द सापडेनासे होतात, चिडचिड होते, आवाज आणि उजेड खुपायला लागतात. झोप काढली की तो पूर्ण जातोच असंही नाही. मनाचा कमकुवतपणा, आळस, टाळाटाळ यांपैकी हे काहीही नाही. जखम झालेल्या मेंदूला तेच काम करायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त श्रम पडतात. घरातल्यांनी हे मनापासून मान्य केलं तर अर्धी लढाई तिथेच सोपी होते.

साधी दोनशे पानी वही घ्या. रोज चार गोष्टी लिहा: काय केलं, किती वेळ केलं, डोकं कधी जड व्हायला लागलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर कसं वाटलं. शेवटची नोंद सर्वात महत्त्वाची. आज जमलं म्हणजे झेपलंच असं नसतं. न झेपलेल्या कामाचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी झाल्या की आपली मर्यादा आपल्याला दिसायला लागते. कुणाला सकाळी दीड तास उत्तम जमतं आणि दुपारी जेवणानंतर काहीच नाही. कुणाला वाचणं जमतं पण फोन नाही. हीच वही पुढे डॉक्टरांसमोर आणि साहेबांसमोर उपयोगी पडते.

आकडी येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ लेव्हेटिरासिटाम, पेंग येते किंवा चिडचिड वाढते. तसं होत असेल तर वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. गोळी मनाने बंद करू नका.

पायरी ३: घरातच कामाची तालीम

व्यायामाने हात चालायला लागतो, तसं कामाची तालीम केल्याने लक्ष टिकायला लागतं. पण तालीम आपल्याच कामाची हवी. नुसतं शब्दकोडं सोडवून हिशेबाचं टेबल सांभाळता येत नाही.

हिशेब करणाऱ्याने जुन्या पावत्या घ्याव्यात आणि बेरजा कराव्यात, आधी शांत खोलीत, मग रेडिओ लावून, मग घरात माणसांची ये-जा असताना. शिक्षकाने दहा मिनिटं उभं राहून एखादा धडा शिकवून बघावा, समोर पुतण्या-भाची बसली तरी चालतील. दुकानदाराने घरच्याच सामानाचं बिल करून सुटे पैसे परत द्यावेत. सुरुवात वीस मिनिटांनी करा, मग थांबा, डोळे मिटून पडा, पुन्हा वीस मिनिटं. चुका किती झाल्या ते वहीत लिहा. सलग दोन तास काम झालं, चुका आटोक्यात राहिल्या आणि दुसरी सकाळ बरी गेली, तर अर्धा दिवस कामावर जाण्याचा विचार करायला हरकत नाही.

मदत मिळते. ऑक्युपेशनल थेरपी या विषयातले तज्ज्ञ नेमकं हेच काम करतात. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या पालिकेच्या रुग्णालयांत, हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे विभाग आहेत. बोलणं अडखळत असेल, शब्द सापडत नसतील, तर स्पीच थेरपी लवकर सुरू करा. वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्यासाठीच आहे. मोठ्या रुग्णालयांत स्मरण, लक्ष, नियोजन यांची सविस्तर मानसशास्त्रीय चाचणीही होते. जबाबदारीची नोकरी असेल तर ती जरूर करून घ्या, कारण "मला विसरायला होतं" असं तोंडी सांगण्यापेक्षा चाचणीच्या अहवालाला कार्यालयात वजन असतं.

किती महिने लागतील याचं एकच उत्तर नाही. अनेक जण तीन ते सहा महिन्यांत काही ना काही काम सुरू करतात, काहींना वर्ष लागतं. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत जोरात होते, पण त्यानंतर ती थांबते हे खरं नाही.

पायरी ४: फिटनेस सर्टिफिकेटवर एक शब्द पुरत नाही

रजा संपवून रुजू होताना दाखला लागतो. बहुतेक वेळा त्यावर "कामावर जाण्यास योग्य" एवढंच लिहिलेलं असतं, आणि तो एक शब्द पुढे आपल्याच विरोधात जातो. "डॉक्टरांनी फिट दिलंय, मग पूर्ण काम का नाही?" असं विचारलं गेलं की उत्तर उरत नाही.

डॉक्टरांना वही दाखवा आणि अटींसह दाखला मागा. त्यात रोज किती तास, आठवड्यात किती दिवस, रात्रपाळी नको, वाहन चालवणं नको, उंचीवरचं किंवा फिरत्या यंत्राजवळचं काम नको, किती वेळाने विश्रांती, आणि पुढची तपासणी कधी, हे यावं. पुढच्या तपासणीची तारीख असली की कार्यालयालाही कळतं की ही सोय कायमची नाही, टप्प्याची आहे. ओपीडीत डॉक्टरांकडे वेळ कमी असतो, म्हणून हे मुद्दे आपणच टाइप करून न्यावेत. मी तसंच केलं होतं.

पायरी ५: कार्यालयाशी बोलणं

फोनवर "बघू, येईन पुढच्या महिन्यात" असं बोलू नका. आधी एकदा घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन साहेबांना किंवा एचआरच्या माणसाला प्रत्यक्ष भेटा, मग लेखी द्या. अर्ज साधा असावा. नमुना देते:

"महोदय, दि. ... रोजी मला मेंदूतील रक्तस्रावाचा आजार झाल्याने मी वैद्यकीय रजेवर आहे. डॉक्टरांनी मला टप्प्याटप्प्याने कामावर रुजू होण्यास परवानगी दिली असून दाखला सोबत जोडला आहे. त्यानुसार पहिले दोन आठवडे दिवसाआड चार तास व पुढचे दोन आठवडे रोज चार तास काम, मध्ये वीस मिनिटांची विश्रांती, कमी वर्दळीची जागा आणि कामाच्या सूचना लेखी स्वरूपात मिळाव्यात, ही विनंती. दि. ... रोजी फेरतपासणी झाल्यावर पुढील नियोजन कळवीन. आपला विश्वासू."

पोच घ्यायला विसरू नका. ईमेल केलात तर प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावरही ठेवा.

मागण्या लहान आणि नेमक्या ठेवा. "सांभाळून घ्या" यावर कोणीही हो म्हणतं आणि आठवड्यात विसरतं. "माझं टेबल झेरॉक्स मशीनपासून हलवा", "काउंटरवर बसवू नका, मागचं काम द्या", "सूचना व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा" ही कामं होतात. मीटिंग असेल तर सकाळी. फोन घेणं जड जात असेल तर तसं सांगा.

सहकाऱ्यांना किती सांगायचं हे तुमच्या हातात आहे. पण शेजारच्या टेबलावरच्या एका तरी माणसाला सगळं माहीत असावं: आकडी आली तर काय करायचं, कोणाला फोन करायचा, गोळ्या कुठे आहेत. आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, धरून दाबायचं नाही, कांदा किंवा चप्पल नाकाशी धरायची नाही. हे आधीच सांगून ठेवा, कारण त्या वेळी प्रत्येकाला काहीतरी करायची घाई असते.

पायरी ६: रजा, पगार, कायदा

राज्य सरकारी आणि तत्सम नोकरीत वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, मात्र तेव्हा खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. सेवापुस्तकात किती शिल्लक आहे ते आस्थापना शाखेतून आधीच काढून घ्या.

ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) नोंद असेल तर ठरावीक वर्गणी भरलेली असताना वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के आजारपणाचा भत्ता मिळतो. आणि हे अनेकांना माहीत नसतं: हॅमरेजमुळे शरीराची एक बाजू लुळी पडली किंवा कमजोर झाली असेल तर दीर्घ आजारांच्या यादीखाली ८० टक्के दराने वाढीव भत्ता मिळू शकतो, तोही दोन वर्षांपर्यंत. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि वर्गणीची अट आहे. ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतःहून विचारा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा आपल्या कामाचा कायदा आहे. त्याच्या कलम २० प्रमाणे सरकारी आस्थापनेला नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा पदावनत करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद द्यायचं, तेही नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा निर्माण केलेल्या, पदावर ठेवायचं. सरकारी आस्थापना म्हणजे फक्त मंत्रालय नव्हे. महापालिका, जिल्हा परिषद, सरकारी कंपन्या, अनुदानित संस्था याही त्यात येतात. खासगी कंपनीला हे संरक्षण इतक्या ठाम शब्दांत लागू नाही, पण २० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते मागून घ्या आणि अर्जात त्याचा उल्लेख करा.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सरकारी रुग्णालयात तपासणी होते. मेंदूच्या आजारात ती साधारण सहा महिन्यांनी, प्रकृती स्थिरावल्यावर करतात. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. वाचा जाणं हेही कायद्यात वेगळं दिव्यांगत्व म्हणून मोजलं जातं, फक्त हात-पाय नव्हेत. "प्रमाणपत्र घेतलं की शिक्का बसेल" म्हणून अनेक जण टाळतात. त्यांची भीती मला समजते, पण कलम २० चा आधार हवा असेल तर कागद लागतो.

पायरी ७: पहिले आठवडे

सोमवारी रुजू होऊ नका. बुधवार-गुरुवार निवडा, म्हणजे दोन-तीन दिवसांत शनिवार-रविवार येतो. पहिले दोन आठवडे दिवसाआड चार तास, मग रोज चार तास, मग सहा. एका वेळी एकच गोष्ट वाढवा: तास वाढवले तर कामाची काठिण्यपातळी तीच ठेवा, नवं काम घेतलं तर तास तेच ठेवा. वहीत सलग दोन सकाळी वाईट गेल्या तर एक पायरी खाली उतरा, आणि ते आधीच ठरलेलं असू द्या, म्हणजे प्रत्येक वेळी माफी मागावी लागणार नाही.

आकड्यांचं काम असेल तर काही महिने दुसऱ्या माणसाची तपासणी मागून घ्या. मी प्रत्येक रक्कम हळू आवाजात अंक-अंक वाचते, लिहिते, आणि मग उजवीकडून डावीकडे पुन्हा वाचते. वेळ लागतो, पण आकडा चुकत नाही. रोखीचा व्यवहार सुरुवातीला घेऊच नका.

डबा, पाणी आणि दुपारची वीस मिनिटं यांत तडजोड नको. डोकं टेकायला रेकॉर्ड रूममधली एक खुर्चीही पुरते.

आणि रडू येईल. अचानक, कारण नसताना, कधी साहेबांसमोर. मेंदूच्या इजेमुळे भावनांवरचा ताबा सुटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मन सतत उदास राहिलं, कशातच रस वाटेनासा झाला, तर डॉक्टरांना सांगा. हॅमरेजनंतर नैराश्य वारंवार येतं आणि त्यावर औषध आहे. टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

प्रवास

स्कूटर किंवा गाडी डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय चालवायची नाही. लायसन्सच्या नमुना १ मध्ये आकडी किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का हे विचारलेलंच असतं. प्रवासाचीही तालीम करा. रुजू होण्याआधी एकदा कामाच्या वेळेला तिथपर्यंत जाऊन नुसतं परत या. मग कळेल की कामाचे चार तास सुरू होण्याआधीच किती शक्ती संपते. मुंबईत लोकलला प्रमाणपत्र असेल तर दिव्यांगांच्या डब्यातून जाता येतं. बाकीच्यांनी गर्दीच्या आधीची किंवा नंतरची वेळ मागून घ्यावी.

बीपी आणि धोक्याच्या खुणा

यात ढिलाई नको. बहुतेकांना बीपी १३०/८० च्या खाली ठेवायला सांगतात. तुमचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. दंडावरचं मशीन घ्या आणि कामावर जायला लागल्यावर पहिला महिना तरी सकाळ-संध्याकाळ मोजा, कारण घरात शांत असलेलं बीपी कामाच्या ताणात चढू शकतं. "बरं वाटतंय" म्हणून गोळी सोडायची नाही. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पापड, लोणचं, फरसाण जवळपास बंदच. तंबाखू, मिश्री, दारू पूर्ण बंद. डोकं दुखलं तर मेडिकलमधून कुठलीही गोळी आणून घेऊ नका. ऍस्पिरिन आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात. काय चालेल ते आधी विचारून ठेवा.

तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं बोबडं होणं, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी अचानक डोकेदुखी, उलट्या, आकडी: यातलं काहीही झालं तर वाट न बघता १०८. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयातच जायचं.

शेती, दुकान, घरकाम

ज्यांना साहेब नाही त्यांना रजाही नाही, आणि म्हणून ते सगळ्यात लवकर कामाला लागतात. विहिरीच्या काठावर, ट्रॅक्टरवर, कडबाकुट्टीजवळ, शिडीवर आकडी आली तर जीवावर बेततं. डॉक्टर सांगेपर्यंत ही कामं दुसऱ्याकडे. रात्री मोटर चालू करायला जाणं आणि भर उन्हातली फवारणीही नको. दुकानात गल्ल्यावर काही दिवस दुसरं कोणी बसावं, तुम्ही माल बघा.

घरकाम करणाऱ्या बाईला तर घरी आल्या दिवसापासून कामावर रुजू झालेलीच समजतात. एका वेळी कुकर, पोळ्या, दारावरचा माणूस आणि मुलाचा अभ्यास सांभाळणं हे जखमी मेंदूला ऑफिसच्या कामाइतकंच अवघड आहे. तिलाही तास, विश्रांती आणि वही लागते. गॅस पेटवला की लगेच मोबाइलवर अलार्म लावा आणि पहिले काही महिने स्वयंपाकघरात एकटं सोडू नका.

जुनं काम जमलंच नाही तर

सगळ्यांनाच जुन्या टेबलावर परत जाता येत नाही. एखाद्या चालकाला पुन्हा चालक होता येत नाही, वाचा गेलेल्या वकिलाला कोर्टात उभं राहता येत नाही. तेव्हा त्याच ठिकाणी वेगळं काम मागा: स्टोअर, नोंदणी, तपासणी, नव्या माणसांना शिकवणं. अनुभव मेंदूतून पुसला गेलेला नसतो, वेग कमी झालेला असतो.

पहिल्या वर्षात राजीनामा देऊ नका. "स्वेच्छेने देतोय" असा कागद पुढे केला जातो, सोबत "तुमच्याच तब्येतीसाठी" असंही म्हटलं जातं, आणि थकलेल्या दुपारी सही होऊन जाते. असा कोणताही कागद त्याच दिवशी सही करायचा नाही. घरी आणायचा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाचायचा, घरातल्याला आणि युनियनच्या माणसाला किंवा वकिलाला दाखवायचा. सोयी नाकारल्या जात असतील तर अर्जाच्या पोचपावत्या आणि दाखले जोडून पुण्यातल्या राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते.